परवलीचा शब्द

मृगाचा पाऊस पडला की शेतकरी तिफण बाहेर काढतो, ज्येष्ठ लागला की वारकरी पताका झटकतो आणि जुलै उजाडला की आम्ही करसल्लागार चष्मे पुसून संगणकापुढे बसतो. प्रत्येकाची पंढरी वेगळी. पगारदार आणि निवृत्त मंडळींची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याची आमची पंढरी एरवी ३१ जुलैला असते. तिची वारी कशी असते हे ज्याला पाहायचे असेल त्याने त्या सुमारास माझ्या कार्यालयात यावे. डोंबिवलीला फडके रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका पोळीभाजी केंद्राच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. खालून पोळ्यांचा वास वर येतो आणि वरून आमच्या हाका खाली जातात.

या हाका कसल्या असतात? कुणाला वाटेल, कराचे दर, वजावटी, कलमे यांबद्दलची ती गंभीर चर्चा असेल. छे! सदतीस वर्षे हा व्यवसाय केल्यावर मी छातीवर हात ठेवून सांगतो की हल्ली आमचा निम्मा वेळ हिशेबात जात नाही. तो जातो एकाच प्रश्नात : "तुमचा पासवर्ड काय?"

या शब्दाला आपल्या भाषेत 'परवलीचा शब्द' असे भारदस्त नाव आहे. रात्री गडाच्या दरवाजाशी कोणी आला की पहारेकरी हटकायचा. आलेल्याने ठरलेला शब्द उच्चारला तर दिंडी उघडायची, नाहीतर वरून भाला यायचा. मला नेहमी वाटते की त्या पहारेकऱ्यांचे एक बरे होते. गड एक, दरवाजा एक, रात्र एक आणि शब्दही एक. आमच्या अशिलांचे गड पाहावेत तर बँकेचा एक, पोस्टाचा एक, म्युच्युअल फंडाचा एक, प्राप्तिकराचा एक, ई-मेलचा एक. आणि प्रत्येक दरवाजावरचा पहारेकरी वेगळ्याच बोलीचा. एकाला आठ अक्षरे हवीत, दुसऱ्याला दहा. एकाला मोठे अक्षर हवे, लहान हवे, आकडा हवा आणि वर एक चिन्हही हवे. भाजी म्हटली की जसा बटाटा, तसे चिन्ह म्हटले की आमच्या लोकांना एक '@'च आठवते. त्यामुळे मुलाचे नाव, पुढे '@' आणि पुढे १२३ हा आपल्या मध्यमवर्गाचा सर्वमान्य परवलीचा शब्द आहे. दोन मुलगे असतील तर तेवढी पंचाईत. "थोरल्याचं नाव टाकलं होतं की धाकट्याचं?" यावर माझ्यासमोर नवराबायकोची भांडणे झालेली आहेत, आणि ती पासवर्डावर थांबलेली नाहीत.

बरे, दार उघडून आत गेले की संपले असेही नाही. वर्षभरात आपल्या नावावर कुठे किती व्याज पडले, कुठे कर कापला गेला, याची एक यादी सरकारजवळ तयार असते. तिला एआयएस म्हणतात. ती उतरवून घेतली की तिलाही कुलूप असते. त्याची किल्ली म्हणजे पॅन क्रमांकाची अक्षरे लहान लिपीत आणि त्यापुढे जन्मतारीख. ही सोय उत्तमच आहे, कारण स्वतःची जन्मतारीख कोण विसरेल? पण मंडळी, इथेच महाराष्ट्राची गंमत आहे. आपल्याकडच्या एका पिढीला दोन जन्मतारखा आहेत. एक आईच्या आठवणीतली, म्हणजे 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी, मोठा पूर आला होता त्या साली' अशी. आणि दुसरी शाळेच्या दाखल्यातली, म्हणजे १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल तेव्हा वयात बसायला हवे, म्हणून गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकले. माझ्या वयस्क अशिलांपैकी इतके जण १ जूनला जन्मले आहेत की त्या दिवशी मी शुभेच्छांचा एकच निरोप सर्वांना पाठवतो.

तिसरा पहारेकरी म्हणजे ओटीपी. हा सहा आकड्यांचा प्राणी अल्पायुषी. तो अशिलाच्या खिशातल्या फोनवर जन्मतो आणि काही मिनिटांत मरतो. तेवढ्यात त्याने माझ्या कार्यालयापर्यंत पोचायचे. माझ्या मदतीला एक बी. कॉम. झालेली हुशार मुलगी आहे, पण तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमातले. परवा पलीकडून एक आजोबा खणखणीत आवाजात सांगत होते, "लिही बाळ, एकोणनव्वद, सत्तेचाळीस, त्रेसष्ट." बाळाने फोनवर हात ठेवून मला विचारले, "काका, एकोणनव्वद म्हणजे एटी-नाइन की नाइन्टी-नाइन?" मी सांगेपर्यंत आणि आजोबा 'एकेक आकडा सांगा' याचा राग मानून पुन्हा सांगेपर्यंत त्या ओटीपीने डोळे मिटले होते.

मी या धंद्यात पडलो तो १९८८ साली. तेव्हा विवरणपत्र म्हणजे कागद, टाचणी आणि पावतीवरचा शिक्का. रांगेत उभे राहायचे, शिक्का मिळाला की खाली येऊन चहा घ्यायचा. २०१३ सालापासून पाच लाखांवरच्या उत्पन्नाला संगणकावरूनच विवरणपत्र भरणे सक्तीचे झाले आणि हळूहळू ती सक्ती जवळजवळ सर्वांच्या दारी आली. जुने तेवढे सोने असे म्हणणारा मी नव्हे. पूर्वी कापलेला कर परत मिळायला वर्ष-वर्ष लागे, तो आता कित्येकदा काही दिवसांत खात्यावर येतो. हा दगडाखालचा झरा मी पाहिलेला आहे. पण शिक्क्याच्या काळात एक गोष्ट नव्हती. अशील वारला तरी त्याच्याबरोबर दरवाजाची किल्ली जात नसे.

हे मला कळले ते आमच्या सोसायटीतल्या सरांमुळे.

सर निवृत्त मुख्याध्यापक. अंगाने शेलाटे, सदऱ्याची वरची गुंडीही लावलेली. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे गर्दीच्या आधी, ते कागदांची फाइल घेऊन यायचे. माझ्याकडे एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात तीनएकशे अशिलांचे परवलीचे शब्द मी लिहून ठेवलेले. हे करू नये, हे मला ठाऊक होते. प्रत्येक संकेतस्थळ तसे बजावतही असते. पण लोकच चिठ्ठीवर लिहून आणून द्यायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडेच असू द्या, आमच्याकडून हरवतो." त्या वहीत सरांचे पान मात्र कोरे होते. ते स्वतः उठून माझ्या खुर्चीत बसायचे, डावा हात आडवा धरायचे, परीक्षेत शेजारच्याने पाहू नये म्हणून हुशार मुलगा धरतो तसा, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने सावकाश टंकायचे. मग हसून म्हणायचे, "नोकरीत असताना किती पोरांची १ जून लिहिली मी! अर्ध्या तालुक्याचा पासवर्ड ठरवला आहे. माझा एक तरी माझ्यापाशी राहू दे."

सर २०२५ च्या जानेवारीत गेले. झोपेतच.

जुलैच्या अखेरीस वहिनी माझ्या कार्यालयाचा जिना चढून वर आल्या. पंचवीस वर्षांच्या शेजारात त्या प्रथमच तिथे आल्या होत्या. बरोबर बेंगळूरला असणारा मुलगा होता आणि हातात सरांची ती फाइल. त्या साली मुदत आधीच वाढवून १५ सप्टेंबर केलेली होती, त्यामुळे गर्दी जरा कमी होती. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, यांचा पासवर्ड काही सापडत नाही."

मायलेकांनी महिनाभर शोध केला होता. सरांच्या डायऱ्या पाहिल्या, पंचांगाची पाने उलटली, देवघराचा खण उपसला. मुलाने अंदाजाने शब्द घालून पाहिले : स्वतःचे नाव, नातीचे नाव, शाळेचे नाव, गावाचे नाव. दर वेळी 'चुकीचा' असे उत्तर आले. वहिनी खाली पाहून म्हणाल्या, "माझंही घालून पाहिलं त्याने. तेही नव्हतं." त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की मला उगीचच टेबलावरचे कागद सारखे करावे लागले.

सरांच्या ठेवींवरच्या व्याजातून बँकेने कर कापलेला होता. हयात असेपर्यंतच्या महिन्यांचे उत्पन्न धरले तर कर काहीच लागत नव्हता. म्हणजे तेवीस हजार चारशे रुपये परत यायचे होते. मुलगा म्हणाला, "आई, एवढ्यासाठी कशाला जिवाला त्रास?" वहिनींनी मान हलवली. "त्यांच्या घामाचे आहेत. सोडायचे नाहीत."

मग मुलाने दुसरा उपाय सुचवला. सरांचे सिमकार्ड अजून चालू होते. ते आपल्या फोनमध्ये घालायचे, 'पासवर्ड विसरलो' म्हणायचे, येईल तो ओटीपी टाकायचा आणि सरांच्याच नावाने विवरणपत्र भरून मोकळे व्हायचे. पाच मिनिटांचे काम! खरे सांगतो, वाचकहो, मलाही मोह झाला. माझा हात माऊसकडे गेलासुद्धा. तेवढ्यात वहिनींनी विचारले, "पण मग सही कोणाची होणार?"

"सरांचीच," मी म्हणालो.

"ते तर नाहीत," वहिनी म्हणाल्या.

खोलीत शांतता पसरली. खाली पोळीवालीचे लाटणे वाजत होते तेवढेच. सदतीस वर्षे कायद्याच्या कलमांत काढलेल्या माणसाला, आयुष्यात एकदाही विवरणपत्र न भरलेल्या बाईने कायदा शिकवला होता. आणि गंमत अशी की कायदाही तेच सांगत होता. माणूस गेल्यावर त्याचा परवलीचा शब्द कोणी मागतच नाही. त्याच्या वारसाने आपल्या स्वतःच्या नावाने दार उघडायचे, आपण त्याचे वारस आहोत असा अर्ज करायचा, मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा जोडायचा. अर्ज मंजूर झाला की त्याच दारातून त्याचे विवरणपत्र भरायचे. पुरावा म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद चालतो आणि तो वहिनींच्या फाइलीत होता. महिनाभर ज्या किल्लीसाठी घर पालथे घातले ती लागणारच नव्हती. लागणार होती ती वहिनींची किल्ली. ती कधी घडवलीच गेली नव्हती.

वहिनींजवळ पॅन कार्ड होते. ठेवीत दुसरे नाव घालायचे म्हणून सरांनी काढून दिलेले. पॅनमधले पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते; वहिनींचे ते त्यांना लग्नात मिळालेले. फोन होता, तो मुलाच्या नावावर. ई-मेल नव्हता. आधार कार्डाला जोडलेला क्रमांक सरांचा. बँकेत गेले तर निरोप सरांच्या फोनवर, गॅसचा निरोप सरांच्या फोनवर. सरकारदरबारी वहिनी सर्वत्र होत्या, पण त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता सरांच्या सदऱ्याच्या खिशातून जात होता. आणि तो सदरा आता खुंटीला होता.

मी म्हणालो, "वहिनी, आधारचे राहू द्या. भरलेल्या विवरणपत्राच्या कागदावर सही करून तीस दिवसांच्या आत बेंगळूरला टपालाने पाठवला तरी चालतो." त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "आज हे चालेल हो. पण उद्या बँक विचारेल, परवा आणखी कोणी. दर वेळी का टपाल करायचं? माझ्या नावाचा नंबरच घेते."

आणि त्यांनी घेतला. क्रमांक बदलायला त्या स्वतः आधार केंद्रात गेल्या. त्या पन्नास रुपये घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. यंत्राला त्यांच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. अर्धशतक भांडी घासून आणि भाकऱ्या थापून रेषा झिजलेल्या. शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली. परत येऊन मला म्हणाल्या, "भावजी, बोटांनी साक्ष दिली नाही, डोळ्यांनी दिली."

एका दुपारी आम्ही त्यांचे खाते उघडायला बसलो. नाव, जन्मतारीख (१ जून, हे काय सांगायला हवे?), क्रमांक, नवा ई-मेल, सगळे भरून झाले आणि पडद्यावर तो रकाना आला. माझ्या मदतनीस मुलीने सवयीने लाल वही उघडली आणि पेन सरसावले. मी ती वही मिटली. उठून वहिनींना माझ्या खुर्चीत बसवले, नियम समजावून सांगितले आणि म्हणालो, "आता तुमचा शब्द तुम्ही टाका. मला सांगू नका." मी खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे पाहत उभा राहिलो.

पुष्कळ वेळ गेला. वहिनी बोटांवर अक्षरे मोजत असाव्यात. मध्ये एकदा त्यांनी विचारले, "मोठं अक्षर कसं काढायचं हो?" मुलीने कळ दाखवली आणि तीही माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मागून एकेक टकटक येत होती. एक, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. मी एकदाच चुकून वळून पाहिले. वहिनींनी डावा हात आडवा धरला होता.

वारसाचा अर्ज काही दिवसांनी मंजूर झाला. विवरणपत्र भरले गेले, वहिनींच्या फोनवर ओटीपी आला आणि त्यांनी तो स्वतः, एकेक आकडा मोठ्याने म्हणत घातला. १५ सप्टेंबरची मुदत आणखी एका दिवसाने वाढली होती, पण आम्हाला तिची गरज पडली नाही. ते दिवस पितृपंधरवड्याचे होते. पडद्यावर 'पडताळणी पूर्ण' असे आले तेव्हा वहिनींनी नकळत हात जोडले.

त्या संध्याकाळी मी लवकर घरी गेलो. वाटेत मनाशी हिशेब केला, माझ्या आयुष्यातला बहुधा पहिला खरा हिशेब. उद्या माझे काही बरेवाईट झाले तर माझ्या बायकोला काय ठाऊक आहे? तीनशे घरांच्या ठेवी मला तोंडपाठ, पण माझ्या घरातल्या ठेवी किती, कुठे, कोणाचे नाव मागे लावलेले, हे सांगायला मला एक तप लागले आणि तरी मी सांगितलेले नव्हते. आपण पुरुष मंडळी याला जबाबदारी म्हणतो. 'तुला कशाला त्रास?' हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो आणि ते प्रेमच असते. पण त्या प्रेमाला कुलूप असते, आणि किल्ली एकाच्याच कनवटीला.

लाल वहीची पाने मी त्याच आठवड्यात फाडून टाकली. आता अशील येतो, माझ्या खुर्चीत बसतो, आपला शब्द आपण घालतो. वेळ जास्त लागतो. पण जाताना मी प्रत्येकाला एक गृहपाठ देतो : घरी गेल्यावर पासवर्ड नका सांगू, पण कुठे काय आहे याची एक यादी करून ठेवा, ठेवींना नामनिर्देशन करा, आणि बायकोचा फोन, ई-मेल, आधारचा क्रमांक तिच्या स्वतःच्या नावाचा असू द्या. काही जण हसतात. काही जण जिन्यात थांबून विचार करतात.

मीही ती यादी केली. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी जमाखर्चाच्या वहीऐवजी दोन पाने पाटावर ठेवली गेली. पूजा झाल्यावर मी ती मोठ्या गांभीर्याने बायकोच्या हाती दिली आणि म्हणालो, "हे सगळे तुला ठाऊक असायला हवे." तिने चष्मा लावून ती वाचली, दोन ठिकाणी रकमा दुरुस्त केल्या आणि एक विसरलेली ठेव पेन्सिलीने खाली लिहिली. मी थक्क झालो. ती म्हणाली, "टपाल कोण उघडतं या घरात? आणि तुमचा पासवर्डही ठाऊक आहे मला. दर वर्षी शेवटचा आकडा एकाने वाढवता."

मग आम्ही फराळाचे ताट घेऊन वहिनींकडे गेलो. वर्षाच्या आत दिवाळी, त्यांच्याकडे कढई चढलेली नव्हती. दाराशी एकच पणती होती. वहिनींनी ताट घेतले आणि आधी फोन आणून दाखवला. त्यांच्या खात्यावर तेवीस हजार चारशे रुपये जमा झाल्याचा निरोप आला होता. तो निरोप त्यांच्याच फोनवर आला होता. त्यांनी तो पुसला नव्हता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "यांचा शब्द काय होता ते आता कधी कळायचं नाही, नाही का?"

"नाही," मी म्हणालो.

वहिनींनी ताटावरचा रुमाल बाजूला केला, एक चकली मोडून तिचा तुकडा सरांच्या तसबिरीपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे. माझाही त्यांना ठाऊक नाही."